आमच्या एजंट ताई आणि पहिलं घर : चौदा महिन्यांनंतर

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीतला आमचा टू बीएचके माझ्या नावावर रजिस्टर होऊन या जानेवारीत चौदा महिने झाले. तेव्हाच लिहायला बसले असते तर आमच्या एजंट ताईंना पाचपैकी पाच दिले असते. किल्ली हातात आली की माणूस रंगाऱ्यालासुद्धा पाच देतो. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलाय, त्यामुळे साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या. जुनी ॲक्टिव्हा, डिकीत स्टीलची टेप आणि फुगून फाटायला आलेली प्लॅस्टिकची फाइल. आधी भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपचे हिशेब लिहायच्या. तिथल्या कामगारांना भाड्याच्या खोल्या बघून देता देता हाच धंदा झाला, त्याला वीस वर्षं झाली. २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांना परीक्षा सक्तीची केली, तेव्हा लेकाच्या लॅपटॉपवर अभ्यास करून पास झाल्या. ते सर्टिफिकेट फाइलच्या पहिल्याच कप्प्यात असतं आणि मागायच्या आत समोर येतं. गिऱ्हाइकं बहुतेक पहिलंच घर घेणारी. चाकणच्या कंपन्यांतली पोरं, नर्सा, रिक्षावाले, आणि आमच्यासारखे.

पहिल्या भेटीत त्यांनी घर दाखवलंच नाही. पगाराच्या स्लिपा मागितल्या आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. घर ५२ लाखांचं धरलं तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देणार, म्हणजे ४१ लाख ६० हजार. वरचे १० लाख ४० हजार आपले. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, त्यांची दलाली १ टक्का, आणि यातलं काहीही कर्जात बसत नाही. आमच्याकडे सगळे मिळून तेरा लाख होते. "तीन महिने थांबा, पीएफचा अर्ज करा, मग फिरू," म्हणाल्या. मला रागच आला होता. बाकीचे एजंट दिवसाला दहा फोटो पाठवत होते आणि या बाई थांबा म्हणतात!

मग विचारलं, नाव कोणाचं लावणार? नवरा म्हणाला, दोघांचं. फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी १ टक्क्याने कमी, ५२ हजार वाचतात, हे ताईंनी सांगितलं तसा सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. दोन दिवस घरात तो विषयच निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "बावन्न हजारांत फ्रिज आणि वॉशिंग मशीन होतंय की."

ताईंनी आम्हाला पाच घरं दाखवली, त्यातली तीन घेऊ दिली नाहीत. चिखलीतलं एक रो-हाऊस आमच्या फार मनात होतं. मागे इंद्रायणी, दारात जागा, किंमतही बजेटच्या खाली. मालकाने घरपट्टीच्या पावत्या पुढे केल्या. ताई म्हणाल्या, "घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत होत नाही. महापालिका अनधिकृत घरालाही पट्टी लावते." या शहरात शास्तीकराने, म्हणजे अनधिकृत बांधकामावरच्या दंडाच्या कराने, पिचलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण आम्ही नवखे. मग तिथल्या एका कारच्या बॉनेटवर त्यांनी नकाशाची झेरॉक्स पसरली आणि नदीकाठच्या निळ्या पूररेषेवर बोट ठेवलं, जिच्या आत घर बांधायला परवानगीच नसते. घर रेषेच्या आत. नवरा तरीही घासाघीस करायच्या तयारीत होता. ताई म्हणाल्या, "घ्यायचं तर घ्या, मी मधे नसेन." मे २०२५ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर चिखलीतल्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. आम्ही पाहिलेलं घर त्यांत नव्हतं. पण त्या दिवशी नवऱ्याने ऑफिसमधून ताईंना फोन केला, नुसताच.

दुसरं तळवड्याकडे, देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोच्या रेड झोनमध्ये, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्यात. त्याचं तर लोनच झालं नसतं. तिसऱ्याचा हॉल ताईंनी टेप लावून मोजला. जाहिरातीत ८९० फूट, करारनाम्यातला कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ५८०.

चौथं आम्हाला आवडलं नाही, पाचवं घेतलं. रिसेल, म्हणून जीएसटी नाही. व्यवहार ५० लाखांच्या वरचा, म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशांतला कर, आम्हीच कापून भरायचा. ते चलन ताईंनी शेजारी बसून भरून घेतलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ट्रान्सफरसाठी पन्नास हजार मागितले. वर "डेव्हलपमेंट फंड आहे, सगळेच देतात". ताईंनी वाद घातला नाही. फाइलमधून ९ ऑगस्ट २००१ चं लॅमिनेट केलेलं सरकारी परिपत्रक (ट्रान्सफरचे महापालिका हद्दीत कमाल २५ हजार) काढून टीपॉयवर ठेवलं आणि पाणी मागितलं. सेक्रेटरींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. पंचवीस हजारांची पावती मिळाली.

आता कापलेला अर्धा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, ते ताईंनी सांगितलं होतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या बिल्डिंगला टँकर लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्सवर वेगळे पडतात, हे नाही सांगितलं. आम्ही घर बघितलं ऑगस्टमध्ये, टाकी तुडुंब. पहिलं टँकरचं बिल आलं तेव्हा मी फोन करून चांगलंच सुनावलं. सबबी सांगितल्या नाहीत. "चुकलं माझं, उन्हाळ्यातल्या पावत्या मागायला हव्या होत्या." आता मागतात, हे माझ्या नणंदेला घर दाखवताना मी पाहिलंय.

बारीकसारीक तक्रारीही आहेत. फोन सकाळी साडेसातलाच करतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत नाहीत, "फोटोत ओल दिसत नाही" म्हणतात, म्हणजे प्रत्येक वेळी सुट्टी टाका. दलाली दोन्हीकडून घेतात. पहिल्या दिवशीच तसं सांगितलं होतं आणि माझे ५२ हजार रजिस्ट्रेशन झाल्यावर, चेकने, रेरा नंबरच्या पावतीवर घेतले. तरी विकणाऱ्याचेही पैसे खिशात असताना आमच्यासाठी भाव किती ताणला असेल, हा किडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्यांना ते खटकेल त्यांनी आधीच बोलून घ्यावं.

दलाली मिळाल्यावर त्या गायब होतील असं वाटलं होतं. आमच्या बिल्डरने जमीन अजून सोसायटीच्या नावावर केलेली नाही. बिल्डरशिवायच ती नावावर करून घ्यायची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. त्याच्या अर्जाला सगळ्या सभासदांचे इंडेक्स टू, म्हणजे घराच्या रजिस्ट्रेशनचे उतारे, लागतात. ताई महिन्यातून एका रविवारी क्लब हाऊसमध्ये बसून ते तपासतात, यादीवर खुणा करतात, पैसे घेत नाहीत. नवीन गिऱ्हाइकं तिथेच मिळतात, हेही खरं. बेचाळीसपैकी एकतीस झालेत. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मूळ करारनामाच सापडत नाही म्हणतात, त्यांना घेऊन ताई पुढच्या आठवड्यात सब-रजिस्ट्रार ऑफिसात नक्कल काढायला जाणार आहेत.