कॅमेरा भाड्याने आणला, त्याचा हिशेब

लेकाच्या कॉलेजात या सत्राला सात मिनिटांची फिल्म करायची होती. दिग्दर्शक तो, कॅमेऱ्यावर त्याचा मित्र, नायिका माझ्या वन्सं, आणि पैसे माझे. म्हणून रिव्ह्यूही मीच लिहिते. दुकान बडोद्यातलंच, स्टेशनच्या बाजूला. नाव घालत नाही, कारण पोरगं अजून तिथूनच सामान आणतं आणि त्याची उधारी मला बिघडवायची नाही.

भाडं दिवसाला असं: कॅमेरा आणि एक लेन्स १,२०० रुपये, कॉलरला लावायच्या बिनतारी माइकची जोडी ४००, लाइट २५०, ट्रायपॉड १५०. डिपॉझिट १०,००० आणि आधारची प्रत. चांगली गोष्ट म्हणजे रविवारी दुकान बंद असतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सातनंतर नेलं आणि सोमवारी अकराच्या आत आणून दिलं तर भाडं एकाच दिवसाचं. हे पाटीवर कुठे लिहिलेलं नाही, विचारावं लागतं.

सवलत काही मिळाली नाही. लेक म्हणाला, "अहो, दादासाहेब फाळके आपल्या बडोद्यात कलाभवनात शिकले, विद्यार्थ्यांना काहीतरी सोडा!" मालक हसून म्हणाला, "फाळके साहेब आव्या होत ने, तोय डिपॉझिट तो लेत." मला माणूस तिथेच आवडला.

मी सत्तावीस वर्षं बँकेत कॅशवर होते. पावती वाचल्याशिवाय आणि वस्तू मोजल्याशिवाय काउंटर सोडत नाही. पावतीवर बॅटऱ्या दोन होत्या, पिशवीत दोन निघाल्या, मी खूण केली. त्यातली एक फुगलेली होती आणि वीस मिनिटांत मान टाकायची, हे मोजण्यात कसं दिसणार? मेमरी कार्ड भाड्यात येत नाही, तेही घरी आल्यावर कळलं. रात्री साडेआठला कार्ड शोधत रावपुऱ्यात फिरलो आणि सेव-उसळ खाऊन परतलो.

फिल्मची गोष्ट साधी. आत्या अमेरिकेतल्या नातवाला फोनवर वरणफळं शिकवते, आणि फोन मधेच कापला जातो. सगळं आमच्याच स्वयंपाकघरात. मी जुन्या लेजरच्या पानांवर ३८ शॉट आखून दिले: शॉट क्रमांक, कोण दिसणार, हातात काय, कढईत फोडणी आहे की नाही. पोरं हसली. पण फोडणीचे सगळे शॉट एकत्र घेतले म्हणून एका वाटी तेलात काम भागलं, नाहीतर कथेच्या क्रमाने गेलो असतो तर चार वेळा मोहरी तडतडवावी लागली असती.

रविवारी सकाळी नऊला पहिला शॉट लावला, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले. लेकाचा चेहरा पडला. दुकान बंद असूनही मालकाने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. आधीच्या गिऱ्हाइकाने कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम (म्हणजे ३० चित्रं) आणि १/६० शटरवर (म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड) ठेवला होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आमच्यासारखी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० केलं की प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन लहरी मिळतात, १/६० ला हिशेब जुळत नाही आणि पट्टे येतात. २५ फ्रेम, १/५०, पट्टे गायब. हे त्याने दहा मिनिटं न कंटाळता समजावलं. देताना सेटिंग बघून दिली असती तर ही वेळच आली नसती, पण त्या दहा मिनिटांसाठी मी एक तारा जास्त देते.

खरा ताप आवाजाने दिला. वन्सं नवी खळीची सुती साडी नेसून आल्या. माइक पदराखाली, की नुसती खसखस. वर मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर टकटक. शेवटी औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी आणून माइक ब्लाउजच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि मंगळसूत्र पाठीकडे वळवलं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या पोरापायी मला काय काय करावं लागतंय!" दुसऱ्या माइकचा रिसीव्हर मात्र सुरुवातीपासून खरखरत होता, तो वापरताच आला नाही. फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला, आणि लेकाने स्कूटरची किल्ली त्यात ठेवली, म्हणजे निघताना फ्रिज आठवणारच. ही युक्ती कॉलेजात शिकवतात म्हणे. फी वसूल. शेवटी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा असतो, एडिटिंगमध्ये जोड झाकायला. आमच्या त्या अर्ध्या मिनिटात खाली पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, ओरडला. तिसऱ्या वेळेला जमलं.

कॉलेजच्या गुणपत्रिकेत आखणी, कॅमेरा, आवाज, एडिटिंग आणि "स्वतःचं मूल्यमापन" असे रकाने होते. शेवटच्या रकान्यासाठी लेकाने बिल्डिंगमधल्या पाच जणांना फिल्म दाखवली. तो "आवडली का?" विचारणार होता. मी म्हटलं, आपल्या घरी चहा पिऊन कोण नाही म्हणेल? विचार, फोन कोणी कापला? पाचातल्या तिघांनी सांगितलं, नातवाने. आमच्या गोष्टीत तो आत्याच कापते, डोळे भरून आलेले त्याला दिसू नयेत म्हणून. म्हणजे फिल्मचा जीवच पोचला नव्हता. कॅमेरा तर परत गेला होता. मग वन्संचा अंगठा लाल बटणावर, एवढा एक शॉट त्याच ट्यूबखाली लेकाच्या फोनवर काढला. कॉलेजात कुणालाही तो वेगळा वाटला नाही. १,२०० रुपये डोळ्यांसमोर आले.

पुढच्या वेळी कॅमेरा आणणार नाही, फक्त माइक. तेही दुकानात उभं राहून, कानाला हेडफोन लावून, दोन्ही तपासून.

पाचपैकी साडेतीन तारे. खरखरणाऱ्या माइकचे २०० रुपये वाद घातल्यावर परत मिळाले, फुगलेल्या बॅटरीचे नाही. डिपॉझिट परत देताना त्याने नोटा मोजल्या, मग मी मोजल्या. पाचशेची एक जास्त आली होती, ती काउंटरवर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "बेन, आवती वखते आधार ना लावता." म्हणजे, पुढच्या वेळी आधार आणू नका.