सुई टोचायची की रक्तावर भागवायचं? किडनीच्या रिजेक्शनसाठी बायोप्सी आणि बायोमार्कर

किडनी बसवून दीड वर्ष झालंय, तब्येत ठणठणीत आहे, लघवी व्यवस्थित होतेय. आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.2 वरून 1.6 वर जातं. डॉक्टर म्हणतात, "बायोप्सी करून घेऊ." घरचे लगेच विचारतात की आता रक्तातूनही रिजेक्शन (शरीराच्या प्रतिकारशक्तीनं नव्या किडनीवर केलेला हल्ला) कळतं म्हणे, मग सुई कशाला?

क्रिएटिनिन वाढण्यामागे रिजेक्शनच असेल असं नाही. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी चढली तरी ते वाढतं, पाणी कमी पडलं किंवा मूत्रनलिकेत अडथळा आला तरी वाढतं, बीके विषाणूनं किडनीत घर केलं तरीही वाढतं. खरी गोम पुढे आहे. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची असतात, बीके विषाणू असेल तर तीच कमी करायची असतात. अंदाजानं स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि आत विषाणू निघाला, तर आगीत तेल ओतल्यासारखं होतं.

म्हणून टॅक्रोलिमसची पातळी, बीके विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी आणि डॉपलर सोनोग्राफी आधी होते. त्यातून कारण सापडलं नाही की बायोप्सीची वेळ येते. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, कातडीच्या जवळ असते. त्यामुळे पालथं झोपावं लागत नाही. जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत बघत सुईनं बारीक तुकडे काढतात. नमुन्यात निदान 10 ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे बारीक गुच्छ) आणि 2 धमन्या असाव्यात, असा बान्फचा निकष आहे. कॅनडातल्या बान्फ गावी 1991 मध्ये तज्ज्ञ जमले आणि तिथून ही वर्गवारी सुरू झाली. जगभरचे पॅथॉलॉजिस्ट आजही तीच भाषा बोलतात. रिजेक्शन टी-पेशींमुळे (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आहे की अँटिबॉडींमुळे, आणि किती जोरात आहे, हे त्यातून ठरतं. पहिल्यात सहसा स्टेरॉइडनं भागतं, दुसऱ्यात प्लाझ्मा बदलणं, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडी) अशी लांबलचक आणि महागडी वाट असते.

बायोप्सीत उणिवाही आहेत. रिजेक्शन ठिगळा-ठिगळानं असू शकतं आणि सुई नेमकी चांगल्या भागात जाऊ शकते. एकाच नमुन्याच्या काचपट्टीवर दोन पॅथॉलॉजिस्टांचं मत वेगळं पडू शकतं. काहींच्या लघवीतून रक्त जातं, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. किडनी गमावण्याइतका रक्तस्राव फार क्वचित होतो. शिवाय दर दोन महिन्यांनी कुणी सुई टोचून घेणार नाही.

रक्ततपासणीचं बलस्थान इथेच आहे. दात्याच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. किडनीला मार बसला की रक्तातल्या एकूण सुट्या डीएनएमध्ये त्यांची टक्केवारी चढते. अमेरिकेतला 2017 चा एक अभ्यास बोलका आहे. 102 रुग्णांच्या 107 बायोप्सींशी हे आकडे पडताळले, सीमारेषा धरली 1 टक्का. त्याच्या खाली आकडा असताना सक्रिय रिजेक्शन नसण्याची शक्यता 84 टक्के निघाली. वर आकडा असताना रिजेक्शन असण्याची शक्यता होती फक्त 61 टक्के. अँटिबॉडीवाल्या रिजेक्शनमध्ये आकडा चांगला चढतो, टी-पेशींचं सौम्य रिजेक्शन मात्र निसटू शकतं. टक्केवारीची मेखही लक्षात ठेवावी: रुग्णाच्या स्वतःच्या पेशी जास्त मरत असतील, तर दात्याचा वाटा उगाच कमी दिसतो. एकसारख्या जुळ्या भावंडाची किडनी असेल, तर दोघांचा डीएनए वेगळा काढताच येत नाही.

हृदय प्रत्यारोपणाच्या बाबतीत रक्ततपासणी बरीच पुढे गेली आहे, कारण तिथे मानेच्या शिरेतून पुन्हा पुन्हा बायोप्सी करावी लागायची. 2010 च्या 602 रुग्णांच्या चाचणीत जनुकांच्या रक्ततपासणीवर लक्ष ठेवलेल्यांचे परिणाम नेहमीच्या बायोप्सीवाल्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत, आणि बायोप्सी वर्षाला माणशी 3 ऐवजी 0.5 वर आल्या. पण ते प्रत्यारोपणाला 6 महिने उलटलेले, स्थिर रुग्ण होते.

किडनीसाठी माझं झुकतं माप असं: सगळं ठीक असताना नजर ठेवायला रक्त, क्रिएटिनिन चढल्यावर कारण शोधायला सुई. ठीकठाक माणसात दात्याच्या डीएनएचा आकडा कमी आला तर दिलासा मानावा. क्रिएटिनिन वर जात असताना कमी आकड्यावर विसंबून बायोप्सी पुढे ढकलणं मला धोक्याचं वाटतं. डीएनएचा आकडा चढला, क्रिएटिनिन मात्र हललं नाही, तर दात्याविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी करून मग बायोप्सीचं ठरवता येतं. खिशाचा विचारही करा. डीएनएची तपासणी एकदा करून फारसं हाती लागत नाही, तिची मालिका लागते, आणि आकडा वाढला तर शेवटी बायोप्सीचाही खर्च येतोच.

बायोप्सी ठरलीच तर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. रक्तदाब आटोक्यात हवा. नंतर काही तास पडून राहावं लागतं, आणि घरी गेल्यावर लघवी लाल झाली, गाठी पडल्या किंवा पोट दुखायला लागलं, तर सकाळची वाट न पाहता फोन करा.