मॅट्रिक्ससाठी कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस: पोरांना शिकवताना वापरून आलेला अनुभव

मी घरी डिप्लोमाच्या पोरांच्या मॅथ्सच्या शिकवण्या घेते आणि हा कॅल्क्युलेटर बरीच वर्षं वापरतेय, पण त्यातला मॅट्रिक्स (रो आणि कॉलममध्ये मांडलेले आकडे) मोड बहुतेक पोरांना माहीतच नसतो म्हणून मुद्दाम लिहितेय. मोड दाबून ६, मग मॅट-ए निवडायचं, साइज निवडायची, आकडे भरत जायचं प्रत्येक आकड्यानंतर बरोबरचं (=) बटण दाबून, झालं की एसी. मग शिफ्ट ४ मधून मॅट-ए, मॅट-बी बोलवून अधिक, वजा, गुणिले सगळं होतं, ३ गुणिले मॅट-ए पण होतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मॅट्रिक्सच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) बाबतीत. गेल्या आठवड्यात एका पोराने पहिली रो १, २ आणि दुसरी ३, ४ असलेल्या मॅट्रिक्सचा वर्ग काढला १, ४, ९, १६, म्हणजे प्रत्येक आकड्याचा वेगवेगळा वर्ग. मी काही बोलले नाही, कॅल्क्युलेटर हातात दिला. त्यावर आलं ७, १०, १५, २२. मग त्यानेच डाव्या हाताचं बोट रोवरून आणि उजव्या हाताचं कॉलमवरून फिरवत परत केलं, १ गुणिले १ अधिक २ गुणिले ३, सात, आणि एकदम म्हणाला ताई आलं लक्षात. माझ्या दहा वेळा सांगण्याने जे झालं नव्हतं ते झालं. (वर्ग आणि घन यांची बटणंच वापरा, घाताचं बटण मॅट्रिक्सला चालत नाही.)

तसंच ए गुणिले बी आणि बी गुणिले ए दोन्ही करून बघायला लावा, उत्तरं वेगळी येतात ते डोळ्यांनी दिसतं. आणि २×३ ला २×२ ने गुणायला गेलात तर सरळ डायमेन्शन एरर देतो, तेव्हा पहिल्याचे कॉलम आणि दुसऱ्याच्या रो मोजायची सवय आपोआप लागते.

भागाकार मॅट्रिक्सला नसतोच, तिथे इन्व्हर्स (व्यस्त मॅट्रिक्स) लागतो, तो एक्सच्या वजा एक घाताच्या बटणाने मिळतो. पण रो २, १ आणि १, ५ घेतल्या तर डब्यांत ०.५५५ असले दशांश दिसतात, ते पेपरात काय लिहिणार? त्यावर उपाय, डिटरमिनंटने (इथे २×५ वजा १×१, म्हणजे ९) त्या इन्व्हर्सला गुणा, ५, -१, -१, २ असा अडजॉइंट अख्ख्या आकड्यांत समोर येतो, बाहेर १/९ लिहिलं की काम झालं. डिटरमिनंट शून्य असेल तर मॅथ एरर येतो, म्हणजे इन्व्हर्स नाहीच.

उणीव म्हणाल तर ३×३ च्या पुढे जात नाही आणि मॅट्रिक्स तीनच ठेवता येतात. पायऱ्याही दाखवत नाही, आणि मार्क पायऱ्यांनाच असतात, त्यामुळे आधी हाताने सोडवा आणि मग ताळा करायला वापरा, हे मी प्रत्येक पोराला सांगते. डिप्लोमाच्या परीक्षेत नॉन-प्रोग्रॅमेबल (प्रोग्रॅम न भरता येणारा, हा तसाच आहे) कॅल्क्युलेटर चालतो असं पेपरवर छापलेलं असतं, पण बारावी बोर्डाला चालत नाही, तिथे लॉग टेबलच.

४×४ ची गरज पडणार असेल तर ९९१ ईएक्स बघा, त्यात ४×४ पर्यंत जाता येतं आणि ४ मॅट्रिक्स ठेवता येतात. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मात्र हाच पुरतो.