देवकथा सांगण्यासाठी चित्रे निवडताना: रविवर्म्याचा छाप, पिंगुळीची चित्रकथी की सावंतवाडीची गंजिफा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पुष्कळ मराठी घरांत नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी कानाने नीट समजते, पण पोथीतली ओवी डोळ्यांनी वाचवत नाही. त्यामुळे देवांच्या गोष्टी सांगण्याचे काम आजी-आजोबांच्या तोंडावर येते आणि हाताशी चित्र असावे, असे त्यांना वाटते. कोणते चित्र घ्यावे, हे ठरवणाऱ्यांसाठी तीन पर्यायांची ही तुलना आहे. तिन्ही चित्रे सुंदर आहेत हे गृहीत धरून, सांगणाऱ्याला ती किती वाव देतात या एकाच कसोटीवर मी ती पाहिली आहेत.

राजा रविवर्मा (1848–1906) यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील तैलचित्रे शिळाछापाने सामान्यांच्या देवघरात आणली. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत ओळखीच्या आहेत. त्यासाठी भाषेची गरज पडत नाही, आणि सीमाभागात हा गुण लहान नव्हे. मात्र कथेच्या दृष्टीने या चित्राचे बळ हीच त्याची अडचण ठरते. ‘जटायूवध’ पाहा: रावणाच्या हाती तलवार, छाटलेला पंख, तोंड झाकून घेतलेली सीता. सगळा प्रसंग एका क्षणात असा गोठवला आहे की मूल थक्क होऊन पाहते, पण ‘पुढे काय झाले’ असे क्वचितच विचारते. छायाप्रकाश, दागिने, कापडाची चुणी, सारे चित्रकारानेच सांगून टाकलेले असते. जुना छाप म्हणून कोणी मोठी किंमत सांगितली, तर आधी भिंगातून पाहावे. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई समजावी. दगडावरच्या छपाईचा कण असा शिस्तीत बसत नाही.

पिंगुळीची चित्रकथी याच्या अगदी उलट आहे. कुडाळजवळच्या या गावातील ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने जोपासलेल्या या कलेत एका आख्यानाच्या चित्रसंचालाच पोथी म्हणतात आणि त्यात साधारणपणे तीस ते पन्नास सुटी चित्रे असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी ते पान मांडीवर उभे धरतो, प्रसंग गाऊन सांगतो आणि पान फिरवतो. माणसे बहुधा एका बाजूने दिसणारी, डोळे टपोरे, पाठीमागे कोरा कागद. राजवाडा असो वा अरण्य, ते सांगणाऱ्याने शब्दांत उभे करायचे असते. रविवर्म्याच्या चित्राशेजारी हे पान ठेवले तर प्रथम ओबडधोबड वाटते, हे मी मान्य करतो. मलाही तसेच वाटले होते. पण ते पाहण्यापेक्षा ऐकण्यासाठी काढलेले आहे, हे एकदा ध्यानात आले की त्यातील रिकामी जागा उणीव राहत नाही. आजीने स्वतःच्या बोलीत, चंदगडी-बेळगावी हेल काढून, हव्या तितक्या फाट्यांसह गोष्ट सांगितली तरी चित्र तिला अडवत नाही, आणि पान फिरण्याआधीचा क्षण मुलाला धरून ठेवतो. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या कलेचे नाव दूरवर गेले, तरी ती अजून मुख्यतः पिंगुळीतच भेटते.

गंजिफेबद्दल, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांबद्दल, थोडक्यात सांगता येईल. दशावतारी संचात 120 गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, वजीर आणि एक ते दहा. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसले की कूर्म, परशू दिसला की परशुराम, हे मूल दोन दिवसांत शिकते; दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने डाव सुरू करायचा, हा नियम तर मुलांना भलताच आवडतो. अवतारांची नावे आणि क्रम त्यातून पक्का होतो. कथा मात्र मिळत नाही, आणि हाताने रंगवलेला पूर्ण संच महाग असल्याने तो लहान मुलांच्या हाती देताना जीव वरखाली होतो.

देवघराच्या भिंतीसाठी चित्र हवे असेल, तर रविवर्म्याच्या छापाचे चांगले पुनर्मुद्रण पुरेसे आहे. जुन्या प्रतीचा हव्यास धरण्याचे कारण मला दिसत नाही. गोष्टीसाठी मात्र माझा कौल चित्रकथीला आहे. वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते आणि तेथून कुडाळच्या वाटेवर पिंगुळी. गंजिफा आणि चित्रकथी दोन्ही एकाच फेरीत पाहून होतात. पूर्ण पोथी परवडली नाही, तरी वेगवेगळ्या देवांची सुटी चित्रे गोळा करण्याऐवजी एकाच प्रसंगाची लागोपाठची पाच-सहा चित्रे मागावीत, शक्य झाल्यास पाठीला पाठ चिकटवून घ्यावीत आणि काचेच्या चौकटीत बसवू नयेत. चौकटीतले पान फिरवता येत नाही.