एन की झेड?

जागा एका टेबलापुरतीच असेल तर मॉडेल रेल्वेचा प्रश्न बहुधा एन आणि झेड या दोन स्केलांपाशी येऊन थांबतो. एन म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिमी. झेड म्हणजे १:२२०, अंतर ६.५ मिमी. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण २४ मीटरचा खरा डबा एनमध्ये १५ सेंटिमीटरचा होतो, झेडमध्ये जेमतेम ११चा. दहा डबे जोडले की हाच फरक ४० सेंटिमीटरवर जातो, आणि तेवढ्या जागेत एक छोटं स्टेशन बसतं.

झेड १९७२ साली मेर्कलिन या जर्मन कंपनीने आणलं. त्याचा लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, ब्रीफकेसमध्येही मावतो. मात्र इंजिन हलकं, त्यामुळे रुळावर जराशी धूळ बसली की गाडी अडखळते. डबे रुळावर चढवताना तर श्वास रोखून धरावा लागतो. डीकोडर (इंजिनाला डिजिटल आदेश समजावणारी छोटी चकती) बसवणं एनमध्येही सोपं नाही, झेडमध्ये ती कसरतच. शिवाय एनमध्ये इंजिनं, डबे, इमारती यांची निवड कितीतरी मोठी. (ब्रिटिश एन १:१४८ असतं, जपानी बहुधा १:१५०, एकत्र लावण्याआधी बघून घ्या.)

माझा कौल एनला. लांब गाडी आणि उंच डोंगर एकाच टेबलावर हवे असतील, तरच झेड.