काउंटरवरचं ब्रिक मॉडेल: घर टिकलं, पाटी गेली

होमस्टेच्या काउंटरवर ठेवायला स्वतःच्या घराचं ब्रिक मॉडेल (लेगोसारखे प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेलं) करून घेणार असाल तर आधी पाटीचं विचारा. गुहागरच्या चिऱ्याच्या कौलारू घराचं हे मॉडेल उन्हाळी हंगाम, अख्खा पावसाळा आणि दिवाळीची गर्दी बघून बसलंय. घराला काही झालेलं नाही. 'श्रीकृपा' या नावाची पाटी मात्र आषाढातच सुटली. जाहिरातीसाठी केलेल्या वस्तूवर नावच नाही, मग पैसे कशाचे मोजले?

माप सोपं आहे. सोबतच्या छोट्या प्लास्टिकच्या बाहुल्या शोभाव्यात म्हणून 1:40 च्या आसपास धरतात. एक स्टड (तुकड्यावरच्या एका गोल उंचवट्याची जागा) 8 मिमी, म्हणजे खऱ्या घराचा साधारण एक फूट. 32 स्टडच्या बेसप्लेटवर (पायाचा तक्ता, 25.6 सेंमी) 32 फुटी घर मावतं खरं, पण पडवी, अंगण, तुळशीवृंदावन हवं तर 48 ची घ्या. बेसप्लेट पातळ असते, उचलली की वाकते आणि भिंती उसवतात. खाली 12 मिमी प्लाय हवाच. छपराला 33 अंशांचे उताराचे तुकडे सांगा. 45 चे लावले की घर कोकणातलं न वाटता चर्चसारखं टोकदार दिसतं. चिऱ्यासाठी दगडी खाचा असलेले 1×2 ब्रिक मिळतात. जुने तपकिरी तुकडे कोणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका, ते दाबताना तडकतात.

आता पाटी. कारागिराने गुळगुळीत टाइल्सवर (वर उंचवटे नसलेले चपटे तुकडे) स्टिकर मारला होता, तोही दोन टाइल्सच्या सांध्यावरून. दमट खारी हवा त्या सांध्यातून आत शिरते, कडा आधी उचलते, मग त्यात धूळ बसते. तक्रार केली तर उत्तर आलं, 'तुमच्याकडचं हवामानच तसं.' अहो, समुद्र काय नंतर आणून ठेवला? वर सल्ला, इन्स्टंट गोंद लावा. तो तर अजिबात लावू नका. दमट हवेत त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी बुरशीसारखी बसते. लाल कौलांवर तो डाग लांबून दिसतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायला जाल तर एबीएस प्लास्टिकच विरघळतं.

गणपतीनंतर पाटी ब्रिकांचीच केली, गोंद नाही, स्टिकर नाही. प्लेट, म्हणजे ब्रिकचा पातळ तुकडा, 3.2 मिमी जाड असते. दोन रंगांच्या प्लेटा एकावर एक रचून त्यांच्या कडेतून अक्षरं काढायची. शिरोरेषेला एक ओळ, अक्षराला 7, वरच्या वेलांटीला 3, खालच्या 'ृ'ला 3: एकूण 14 ओळी, साडेचार सेंमी. रुंदीला मात्र 8 मिमीपेक्षा बारीक काही मिळत नाही. 'श्री'तला तिरका र त्यात हरवतो आणि पाहुण्यांचं स्वागत 'शीकृपा' करते. म्हणून 'श्री' तेवढा 2×4 टाइलवर यूव्ही प्रिंट (थेट प्लास्टिकवर छपाई) करून घेतला, बाकी दोन अक्षरं प्लेटांची. जोडाक्षर नसलेलं नाव असेल तर हाही खर्च वाचतो. पाटी दारावर नको. फोटो वरून खाली काढले जातात, तिथून दार दिसतच नाही. अंगणाच्या पुढच्या कडेला, किंचित मागे कललेली ठेवा.

स्वस्त, दुसऱ्या कंपन्यांच्या जुळणाऱ्या ब्रिक आधी नकोच वाटायच्या, ते मत बदललं. मूळ पेटंट 1958 चं, कधीच संपलंय, त्यामुळे मापं तीच असतात. पकड भिंतीला पुरते. रंग थोडा उन्नीस-बीस येतो, पण कौलांत ते शोभतं. खऱ्या छपरावरही नवी-जुनी कौलं मिसळलेली असतात. फक्त पाटीच्या प्लेटा चांगल्या घ्या, चौदा ओळींत बारीक फरकही साठत जातो. आणि जाहिरातीत 'लेगो' लिहू नका, तो ट्रेडमार्क आहे. 'ब्रिक मॉडेल' पुरे.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. सुटे भाग धुवायचे तर 40 अंशांच्या आतलं पाणी. खिडकीच्या उन्हात पांढरे तुकडे पिवळे पडतात. ॲक्रिलिकचं झाकण हवंच, नाहीतर पाली आणि मुंग्या, दोघांनाही पडवी फार आवडते.

उपयोग होतो का? होतो. मुलं थांबतात, मागोमाग आईबाप थांबतात, फोटो निघतो, आणि आता त्यात नावही येतं. पाहुण्यांना द्यायला छोटी मॉडेलं करा म्हणून तोच कारागीर मागे लागलाय. आधी स्टिकरचे पैसे परत येऊ देत.