आकडा चुकला तर सांगायचं कुणाला? डेटा डॉट जीओव्ही डॉट इन आणि ओपनस्ट्रीटमॅप, ठाणे-नवी मुंबईच्या कामासाठी

डेटा डॉट जीओव्ही डॉट इन हे केंद्र सरकारचं खुल्या डेटाचं पोर्टल. २०१२ सालच्या राष्ट्रीय डेटा धोरणातून ते उभं राहिलं आणि एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) ते चालवते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला आणि अजून काढत असलेला नकाशा. दोन्ही फुकट. ठाण्यातली सोसायटी, प्रभागात काम करणारी मंडळी, स्थानिक पत्रकार, प्रोजेक्टसाठी आकडे शोधणारे विद्यार्थी यांना या दोन्हींचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. मुख्य मोजपट्टी ही लावली आहे: चूक सापडली तर ती दुरुस्त व्हायला वाट आहे का, आणि झालेली दुरुस्ती पुढच्या माणसाला दिसते का? मुख्यतः या मापाने पोर्टलला ५ पैकी अडीच, नकाशाला ४.

आधी पोर्टल. डेटाच्या संचांची शीर्षकं इंग्रजीत आहेत आणि बहुतेक आकडे राज्य किंवा जिल्हा पातळीवरचे. नौपाड्यातल्या गटारांची लांबी किंवा वाशीच्या सेक्टरवार पाणीपुरवठ्याचे आकडे शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परताल. ठाणेकरांना रोज कामाला येईल असा एक संच मात्र आहे: हवेच्या गुणवत्तेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ताजे आकडे केंद्रवार येतात आणि एपीआयमधून (एका संगणकाने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या सोयीतून) थेट घेता येतात. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हींची केंद्रं त्यात आहेत. नेरूळ, ऐरोली, महापे ही त्यातलीच.

पोर्टलवर खातं उघडलं की स्वतःची ‘की’ (एपीआय वापरायची सांकेतिक किल्ली) मिळते. ती आधी घ्या. पानावर दिलेली नमुना की एका वेळी १० ओळींच्या वर काही देत नाही आणि या संचात एका केंद्राच्या सात ओळी असतात: पीएम २.५, पीएम १० (हे दोन हवेतले बारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन. म्हणजे १० ओळींत जेमतेम दीड केंद्र मावतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपल्या शहरात यंत्रच बसवलेलं नाही. शहराची गाळणी लावताना इंग्रजी स्पेलिंग तंतोतंत हवं. नवी मुंबईमधली मोकळी जागासुद्धा.

इथली सर्वांत मोठी चूक सरासरीची. सातही ओळींची सरासरी काढून ‘आजचा एक्यूआय’ (हवेचा गुणवत्ता निर्देशांक) म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे पुष्कळ आहेत. भारतातल्या पद्धतीत एक्यूआय म्हणजे प्रत्येक प्रदूषकाच्या उपनिर्देशांकांपैकी सर्वांत मोठा आकडा. तोही किमान तीन प्रदूषकांची माहिती असेल, आणि त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० पैकी एक असेल, तरच धरायचा. सरासरी घेतली की वाईट दिवस मधला-बरा दिसू लागतो. दुसरी चूक ‘एनए’ची (म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’): यंत्र बंद असताना आलेला ‘एनए’ एक्सेलमध्ये शून्य झाला, तर तो दिवस महाबळेश्वरच्या हवेचा होऊन बसतो. तो रकाना रिकामाच ठेवा.

हा संच फक्त चालू घडीचे आकडे देतो, मागचे ठेवत नाही. मंडळाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर जुनी माहिती मिळते, पण केंद्र, प्रदूषक आणि तारखा निवडून, एकेक करून. स्वतःची वही ठेवायची असेल तर गूगल शीटला ॲप्स स्क्रिप्ट (शीटसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम) जोडून तो दर तासाला आपोआप चालवणारा ट्रिगर लावा. तीन केंद्रं धरली तर तासाला २१ ओळी, वर्षाला १,८३,९६०. आठ रकाने धरले तरी शीटच्या १ कोटी सेलच्या मर्यादेत हे निवांत बसतं. केंद्र, प्रदूषक आणि अद्ययावत वेळ हे तीनही जुळत असतील तर ती ओळ पुन्हा लिहू नका, कारण आकडा ताजा झाला नसेल तर तोच तासभराने परत येतो. विनंती फसली तर १० मिनिटांनी पुन्हा करा, हेही स्क्रिप्टमध्येच लिहून टाका; सर्व्हरने उत्तर न देणं हा इथे अपवाद नव्हे.

आता ठाणेकरांसाठी खास लावलेला सापळा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा, १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा, हा जव्हार-मोखाड्यापासून वसईपर्यंतचा जुना जिल्हा आहे. पोर्टलवरचे २०१४ आधीचे आणि नंतरचे संच शेजारी ठेवून आलेख काढला तर ठाण्यातल्या शाळा, दवाखाने, विहिरी सगळं एका वर्षात धाडकन कमी झालेलं दिसतं. मग त्यावर बातमी होते. तुलना करायचीच असेल तर नंतरच्या वर्षांत ठाणे आणि पालघर यांची बेरीज करा, किंवा आधीचे आकडे तालुकावार मिळवून वेगळे करा.

नवी मुंबईचं दुखणं निराळं. नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली हा २०१६ साली झालेल्या पनवेल महानगरपालिकेचा भाग, जिल्हा रायगड. सिडकोच्या आणि बोलण्यातल्या नवी मुंबईत दोन्ही येतात. कोणत्या संचात कोणती नवी मुंबई धरली आहे हे शीर्षकावरून कळत नाही, ओळी उघडून बघावंच लागतं.

यावर उतारा म्हणजे नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने जोडणं, आणि त्याचं चांगलं उदाहरण घराघरात पडलेलं आहे. महारेराचे (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाचे) जुन्या पद्धतीचे नोंदणी क्रमांक पाहा: ठाण्यातल्या प्रकल्पांचे पी५१७ ने सुरू होतात, रायगडमधले पी५२० ने. ५१७ आणि ५२० हे २०११ च्या जनगणनेतले जिल्ह्यांचे क्रमांक. पालघर तेव्हा नव्हताच, म्हणून त्याला पी९९० असा वेगळा आकडा द्यावा लागला. दोन खात्यांनी एकच क्रमांक वापरला की त्यांचे तक्ते एका व्हीलुकअपमध्ये (एक्सेलच्या तक्ते जोडणाऱ्या सूत्रात) जुळतात. पाणीपट्टी, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगी यांचे क्रमांक जिथे एकमेकांना ओळखत नाहीत तिथे एकच इमारत तीन इमारती होऊन जगते. कितीही देखणा डॅशबोर्ड आणा, त्यात फरक पडत नाही.

पोर्टलचे गुण कुठे कापले? एखादी ओळ चुकली आहे हे दाखवलं, तर ती कोणी, कधी, काय बदलली याचा सर्वांना दिसणारा इतिहास तिथे नाही. सूचना पाठवता येते, संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याचा पत्ता मिळतो. पुढचं काम पत्रव्यवहाराचं. परवाना मात्र चांगला आहे: २०१७ च्या सरकारी खुल्या डेटा परवान्याखाली, स्रोताचा उल्लेख करून व्यावसायिक वापरही करता येतो. अडीच गुणांतला एक त्याचाच.

ओपनस्ट्रीटमॅपवर हाच प्रश्न उलटा सुटलेला आहे. प्रत्येक फाटकाला, प्रत्येक गल्लीला स्वतःचा इतिहास आहे. कुठल्या खात्यावरून, कोणत्या तारखेला, काय बदललं ते कुणीही पाहू शकतं. खातं उघडा, ब्राउझरमधला ‘आयडी’ नावाचा संपादक सुरू करा, उपग्रहाच्या चित्रावर इमारत काढा, जतन करा. काही मिनिटांत नकाशावर उमटते. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप त्याहून सोपं. रस्त्यात उभं राहून ‘या इमारतीला मजले किती’, ‘या रस्त्यावर दिवे आहेत का’ असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, बस्स. रविवारी सकाळी दोन तासांत चार जण मिळून एका मध्यम सेक्टरची दुकानं, फाटकं आणि बसथांबे उरकू शकतात.

नावांच्या बाबतीत हा नकाशा मराठी माणसाला जिव्हाळ्याचा वाटावा. मुख्य नावाखेरीज मराठीसाठी वेगळा टॅग, म्हणजे माहितीचा रकाना, आहे (नेम, कोलन, एमआर) आणि पर्यायी नावासाठीही. कागदोपत्री मासुंदा तलाव, पण रिक्षावाल्याला सांगताना तलावपाळी. दोन्ही नावं दोन जागी लिहिली की शोध दोन्हींनी लागतो. पर्यायी नाव मुख्य नावाच्या जागी कोंबू नका, कंसातही नको. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते उलटवतं, तिसऱ्या दिवशी वाद सुरू.

नवशिक्यांच्या हातून होणारं खरं नुकसान उड्डाणपुलांवर होतं. माजिवड्यासारख्या ठिकाणी वरचा रस्ता आणि खालचा रस्ता कागदावर एकमेकांना छेदतात. तिथे दोन्हींना सामाईक बिंदू दिला की मार्ग सांगणारं ॲप पुलावरून थेट खाली वळायला सांगतं. वरच्या रस्त्याच्या तेवढ्या तुकड्याला पूल असा टॅग आणि थर १ द्यायचा, बिंदू जोडायचा नाही. उलट चूक सर्व्हिस रोडवर: तो मुख्य रस्त्याला जिथे खरोखर मिळतो तिथे बिंदू जोडला नसेल, तर ॲप गाडीला पुढच्या चौकापर्यंत पळवून परत आणतं. संपादक अशा ठिकाणी इशारा देतो. तो न वाचता जतन करणाऱ्यांमुळेच नकाशा बदनाम होतो.

उपग्रहाचं चित्र काही ठिकाणी काही मीटर सरकलेलं असतं, शिवाय ते जुनं असू शकतं. घोडबंदर रोडच्या कडेला जिथे टॉवर उभा आहे तिथे चित्रात अजून झाडी दिसते. सरकलेलं चित्र आधी जीपीएसच्या मागावर (फोनने नोंदलेल्या, चाललेल्या वाटेवर) बसवून घ्या, मगच इमारती काढा. आणि गूगल मॅप्सवरून एक अक्षरही उतरवू नका. नाव बरोबर आहे की चूक हा मुद्दा नाही, परवाना परवानगी देत नाही. उघडकीला आलं की सगळं काम काढून टाकलं जातं.

माहिती बाहेर काढायला ओव्हरपास टर्बो ही वेबसाइट आहे. तिच्या ‘विझार्ड’ या शोध-चौकटीत सार्वजनिक शौचालयं, ठाण्यात, असं इंग्रजीत लिहिलं की यादी नकाशावर येते आणि जिओजेसन (नकाशातल्या माहितीची फाइल) म्हणून उतरवता येते. पण ठाणे हे शहराचं, तालुक्याचं आणि जिल्ह्याचंही नाव. शहापूरचे ठिपके दिसले तर समजा, जिल्हा निवडला गेला. आणि नकाशात ४० ठिपके असले तर शहरात ४० शौचालयं आहेत असं मुळीच नव्हे, कुणीतरी ४० नोंदवली आहेत एवढंच. नकाशाचा पाचवा गुण इथे गेला: जे नोंदलेलं नाही ते नाहीच की अजून कुणी पाहिलं नाही, हे तो सांगत नाही.

प्रभागाच्या हद्दी यात बहुधा सापडत नाहीत. त्या प्रभागरचनेच्या पीडीएफ नकाशातून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवाव्या लागतात. किमान तीन बिंदू खऱ्या जागांशी जुळवले की चित्र बसतं, पण सहा ते आठ बिंदू चारही कोपऱ्यांत पसरून घ्या. रेल्वेचे पूल आणि मोठे चौक चांगले. उंच इमारतींची छपरं नकोत, कारण उपग्रहाच्या चित्रात त्या कलतात आणि छप्पर पायथ्यापासून दूर पडतं.

पीडीएफ तक्त्यांचं दुःख वेगळंच. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला तक्ता पडद्यावर सुबक दिसतो आणि कॉपी केला की रोमन अक्षरांची भेळ होते, कारण आत युनिकोड (अक्षरांची सर्वमान्य संगणकी संहिता) नसतंच. अशा फाइलवर टॅब्युला (पीडीएफमधले तक्ते काढणारं सॉफ्टवेअर) चालवून उपयोग नाही. तिची चित्रं करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमधून मराठी भाषा निवडून ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचून घेणं) करा, आणि आकड्यांची बेरीज शेवटच्या ‘एकूण’ ओळीशी ताडून पाहा, विशेषतः १ आणि ९ च्या गल्लतीसाठी. युनिकोड पीडीएफ असेल तर टॅब्युला पुरतो, फक्त ऱ्हस्व वेलांटी कधी कधी शेजारच्या अक्षराला चिकटते. स्वच्छ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) हाती आली तरी ती डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडू नका. डेटा टॅबमधून आयात करून यूटीएफ-८ (युनिकोडचाच एक प्रकार) निवडा, नाहीतर मराठीचा चिखल होतो. एकाच पेठेची पाच स्पेलिंग एकत्र करायला ओपनरिफाइन हे सॉफ्टवेअर. ते आपल्याच संगणकावर चालतं, माहिती बाहेर जात नाही. त्याच्या क्लस्टर (सारखी नावं गटात आणणाऱ्या) पद्धतींपैकी उच्चारावर आधारलेल्या पद्धती देवनागरीला निरुपयोगी, अक्षरांतलं अंतर मोजणारी घ्या.

जे दोन्हीकडे नाही ते महापालिकेकडूनच मिळवावं लागतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती घेण्याचा हक्क आहे, आणि कलम ७(९) प्रमाणे माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा, शुल्क १० रुपये. त्या १५० शब्दांत हे वाक्य बसवा: ‘सदर माहिती कार्यालयात एक्सेल वा सीएसव्ही स्वरूपात उपलब्ध असल्यास, मालमत्ता क्रमांक व प्रभाग क्रमांक या रकान्यांसह, त्याच स्वरूपात ईमेलने द्यावी, छापील प्रत नको.’ मालकांची नावं आणि फोन नंबर मागू नका. त्या रकान्यांपायी सगळा अर्ज अडकतो.